जुन्या मोटारीचे मंद दिवे

धरणगाव-एरंडोल रस्त्यावर दिवाळीनंतर कापसाने भरलेल्या बैलगाड्या अंधार पडल्यावरही चालत असतात, आणि मागे साधा कंदीलही न टांगलेल्या त्यांत पुष्कळ. ॲम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या मोटारीचे दिवे मंद असतील, तर अशी बैलगाडी चालकाला अगदी जवळ गेल्यावरच दिसते.

उजेड पिवळसर पडू लागला की अधिक वॅटचा बल्ब बसविण्याकडे मालकाचा कल असतो. त्याने जुन्या तारा व होल्डर मात्र तापून वितळतात. दोष बहुधा वायरिंगचा असतो. बल्बाला विद्युतदाब १० टक्के कमी मिळाला, तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो! पुष्कळ जुन्या गाड्यांत दिव्यांचा सारा प्रवाह स्विचमधून फिरून येतो. उरलासुरला दाब गंजलेल्या अर्थच्या जोडणीत खर्ची पडतो.

इंजिन चालू ठेवून व दिवे लावून बॅटरीवरील आणि बल्बाच्या पिनांवरील दाब मोजावा. फरक अर्ध्या व्होल्टहून अधिक आढळल्यास अर्थची जागा पॉलिशपेपरने घासून बोल्ट आवळावा, आणि बॅटरीपासून फ्यूज व रिलेमार्फत जाड तारेने जोडणी करून घ्यावी. परावर्तकाची चकाकी गेली असल्यास तो बदलणेच बरे. पुसण्याने उरलेलीही जाते. अखेरीस भिंतीसमोर गाडी उभी करून झोत खाली राखावा, एरवी समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.