कातळाखालील भूरचनेचा शोध

प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. ज्या कातळावर ते उभे आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याखाली काय दडले आहे? १९६७ मध्ये कोयनेला भूकंप झाला, १९८३ मध्ये घाटापलीकडील भातसा परिसरात धक्के बसले. तेव्हापासून हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा राहिलेला नाही.

विंधन छिद्रे घेणे खर्चाचे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या छिद्रात ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला. भूकंपाची मुळे मात्र कित्येक किलोमीटर खोल असतात. तेथे मॅग्नेटोटेल्युरिक पद्धती उपयोगी पडते. सूर्याकडून येणाऱ्या विद्युत्‌भारित कणांमुळे व दूरवरच्या विजांमुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सतत किंचित बदलते आणि जमिनीत क्षीण विद्युत्‌प्रवाह निर्माण होतात. त्यांतील जलद बदल उथळ थरांतच विरतात, संथ बदल खोलवर पोहोचतात. कोरडा ग्रॅनाइट वीज अडवितो. खारे पाणी मुरलेला किंवा अंशतः वितळलेला खडक ती वाहून नेतो. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीखाली असे सुवाहक पट्टे आढळले आहेत. आपल्याकडे नर्मदेच्या खचपट्ट्यात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने अशी मोजणी केली आहे.

सुवाहक पट्टा आढळला म्हणजे तेथे भूकंप होणारच, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. उपकरणेही फार नाजूक. जवळचा विजेचा पंप किंवा उच्चदाबाची तार नोंद बिघडविते. शेतात अंथरलेली तार गुरांनी तुडविली, तर रात्रभराची मोजणी वाया जाते. पथक येण्यापूर्वीच ग्रामपंचायतीने शेतकऱ्यांना याची कल्पना द्यावी.