खेळ रचण्याच्या साधनात काय असावे?

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम हे कावेरीच्या पाण्यावर पोसलेले गाव. या प्रदेशात ‘आडु पुली आट्टम’, म्हणजे शेळ्या-वाघांचा खेळ, परंपरेने चालत आला आहे. पापनाशमच्या एखाद्या विद्यार्थिनीने तो संगणकावर उतरवावयाचे ठरविले, असे समजू. खेळ रचण्याची सॉफ्टवेअर आज उपलब्ध असल्याने तिला सर्व काही मुळापासून लिहावे लागत नाही. मात्र अशा साधनात कोणत्या सोयी असाव्यात हे त्याचा कर्ता ठरवितो, आणि तिचे काम सुलभ होणार की दुष्कर, हे त्या निवडीवर अवलंबून असते.

खेळाचे पृथक्करण

या खेळाचा पट त्रिकोणी असून त्यावर रेषांचे २३ छेदनबिंदू असतात. वाघ ३ व शेळ्या १५. शेळ्या एकेक करून मांडावयाच्या. सर्व मांडून होईपर्यंत मांडलेली शेळी हलत नाही. वाघ रेषेवरून शेजारच्या रिकाम्या बिंदूवर जातो, अथवा शेळीवरून उडी घेऊन तिला टिपतो. वाघांची पूर्ण कोंडी झाली की शेळ्यांची सरशी होते.

आता साधनाच्या कर्त्याने केवळ बुद्धिबळ डोळ्यांपुढे ठेवून ‘चौरस घरांचा पट’ एवढीच सोय दिली, तर ६४ घरे क्षणात मांडता येतील. परंतु हा त्रिकोण त्यात बसणार नाही. यावर प्रत्येक खेळासाठी निराळी सोय द्यावी, असे कोणी म्हणेल. पण सोयी परस्परांच्या आड येत नाहीत ना, हेही तपासावे लागते. १० सोयींच्या ४५ जोड्या होतात, तर २० सोयींच्या १९०! सोयी दुप्पट झाल्या, परंतु तपासणी चौपटीहून अधिक वाढली.

यातून मार्ग असा: ‘बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा’ ही एकच सोय द्यावी. तीतून हा त्रिकोण साधतो, नवकंकरीचे २४ बिंदू साधतात आणि बुद्धिबळाची घरेही बिंदू मानून मांडता येतात.

निवडीच्या कसोट्या

नव्या सोयीची मागणी आली असता तीन प्रश्न विचारावेत. गरज प्रत्यक्ष आहे की केवळ कल्पिलेली? ती हाती असलेल्या सोयींतून सहज भागते काय? आणि ती अनेकांना वारंवार पडते काय? २०१४ साली मुक्तपणे खुल्या झालेल्या ‘गोडो’ या साधनाचे कर्ते अशाच विचाराने मागण्या पारखतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्क्रॅच’मध्ये फाशासाठी स्वतंत्र ठोकळा नाही, दोन संख्यांच्या दरम्यानची कोणतीही एक संख्या काढून देणारा ठोकळा मात्र आहे. १ ते ६ या मर्यादा घातल्या की त्याचाच फासा होतो.

तथापि काटकसरीचाही अतिरेक नको. चित्र हलविणे, आवाज काढणे, कळ दाबल्याचे ओळखणे ही कामे बहुतेक खेळांत लागतात. ती प्रत्येकाने स्वतः रचावी असे म्हटले, तर नवशिक्या पहिल्याच दिवशी साधन बाजूला ठेवील.

अभ्यास

१. सोंगट्यांच्या पटाला, त्याच्या चार पट्ट्यांतील ९६ घरांसह, बिंदू व रेषांच्या रूपात मांडा.

२. तमिळ प्रदेशातील ‘पल्लांगुळी’ या खेळात १४ खळगे असतात व प्रत्येकातील बिया सतत कमी-अधिक होतात. यासाठी बिंदू व रेषा पुरतील काय? नसल्यास कोणती एक सोय वाढवाल? ती आणखी कोणत्या खेळांना उपयोगी पडेल?