लुकबानचा सुगीचा सण

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, चाकणच्या थोडे अलीकडे, कुरुळी नावाचे गाव आहे. या परिसरात आज कारखान्यांची लांबच लांब आवारे पसरली आहेत. तरीही भाद्रपदातील पोळा आला, की ज्यांच्या दावणीला अद्याप बैल आहेत, ते शेतकरी त्यांना न्हाऊ घालतात, शिंगे रंगवितात, पाठीवर झूल चढवितात आणि पुरणपोळीचा घास भरवितात. ज्याने धान्य पिकविले, त्याचे ऋण त्या दिवशी मानावयाचे असते.

मुलांनो, असेच ऋण मानणारी एक सुगी दूर पूर्वेला, समुद्रापलीकडे साजरी होते. फिलिपाइन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश. तेथील माणसांचे मुख्य अन्न भात, आणि भातखाचरात नांगर ओढणारे जनावर म्हणजे रेडा. त्या देशातील लुझोन बेटावर, बनाहाव पर्वताच्या पायथ्याशी लुकबान नावाचे गाव आहे. दर वर्षी १५ मे रोजी तेथे ‘पाहियास’ हा सण असतो.

हा दिवस संत इसिद्रोचा. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ही बेटे जिंकली व आपला ख्रिस्ती धर्म तेथे नेला. पोर्तुगीजांबरोबर तो आपल्या वसईला आला, तसाच. इसिद्रो हा स्पेनमधील माद्रिदचा एक गरीब शेतमजूर. प्रार्थनेत रमून तो कामावर उशिरा येतो, अशी चहाडी सोबत्यांनी धन्याकडे केली. धनी रागाने शेतावर गेला, तो पाहतो काय! इसिद्रो प्रार्थना करीत आहे आणि त्याच्या वाट्याचा नांगर देवदूत हाकीत आहेत. जनाबाईबरोबर विठ्ठल दळू लागला, ही कथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हा इसिद्रो परका वाटणार नाही. इ. स. १६२२ मध्ये त्याला संतपद मिळाले.

पूर्वी लुकबानचे शेतकरी नवे पीक घेऊन चर्चमध्ये जात. पुढे तेथे जागा पुरेना. तेव्हा प्रत्येकाने ते आपल्या दारातच मांडावे आणि मिरवणुकीने तेथवर यावे, असे ठरले, असे सांगतात. मिरवणुकीचा मार्ग दर वर्षी बदलतो. त्यामुळे एकाच आळीला मान आणि दुसरीला उपेक्षा, असे होत नाही. ही युक्ती मला फार आवडते.

त्या दिवशी भिंती दिसतच नाहीत! भाताच्या लोंब्या, भोपळे, वांगी, केळीचे घड यांनी दर्शनी भाग झाकून जातो. जो हॅट विणतो, तो हॅट टांगतो. ज्याचा जो धंदा, त्याची खूण त्याच्या दारावर. कुरुळीत असा सण असता, तर एका दारावर कांद्याच्या माळा आणि शेजारच्या दारावर यंत्राचे चकचकीत सुटे भाग लोंबताना दिसले असते.

पण सर्वांत मोठी शोभा ‘किपिंग’ची. तांदळाचे पीठ पातळ कालवून त्यात रंग घालतात, ते झाडाच्या खऱ्या पानावर पसरून वाफवितात, मग सोलून दडपणाखाली वाळवितात. आपल्या वाफेवरच्या पापड्यांची ही जणू मावसबहीणच! पानाची प्रत्येक शीर तिच्यावर उमटते. अशा तांबड्या, पिवळ्या, हिरव्या पानांची झुंबरे खिडक्यांतून लोंबतात आणि उन्हात काचेसारखी उजळतात.

याच सुमारास, १४ मे रोजी, पुलिलान गावी रेड्यांची मिरवणूक निघते. फुलांनी सजविलेले ते धिप्पाड रेडे चर्चपुढे येताच गुडघे टेकतात! त्यासाठी त्यांना आधी शिकवावे लागते. पाहणाऱ्याला कौतुक वाटते, आणि कठीण रस्त्यावर टेकलेले ते गुडघे पाहून थोडी कीवही येते.

लुकबानला सण सरला, की झुंबरे उतरवितात. मग मुलांची चंगळ असते. कारण किपिंगची पाने तळून खाता येतात.