प्लँक: पैसे कुठे लागतात, कुठे नाही

प्लँकला, म्हणजे कोपरं आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ तोलून धरण्याच्या व्यायामाला, जिम लागत नाही. आडवं होता येईल एवढी फरशी, घड्याळ आणि आठवड्यातून तीन-चार दिवस दहा-दहा मिनिटं, एवढं पुरे. घरची सतरंजी चालते. मॅट घ्यायचीच तर ६ मिलिमीटरची, न घसरणारी घ्या. फार मऊ मॅटवर कोपरं रुततात. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या.

कोपरं बरोबर खांद्यांखाली. गुडघे ताठ, नितंब आवळलेले. नजर खाली, दोन्ही हातांच्या मधे. समोरच्या टीव्हीकडे नको. श्वास चालू ठेवा, रोखलात तर रक्तदाब चढतो. आता घरातल्या कुणाला तरी झाडूचा दांडा तुमच्या पाठीवर उभा, मणक्याच्या रेषेत ठेवायला सांगा. डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांमधला भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी तो टेकला पाहिजे. कंबरेपाशी तळहात जेमतेम सरकावा. मूठ आत जात असेल तर कंबर खचली आहे, आणि त्याच क्षणी प्लँक संपला, घड्याळ काहीही सांगो.

म्हणून मिनिटांच्या चढाओढीत पडू नका. दहा सेकंद धरा, टेका, पुन्हा धरा. असं सहा वेळा. जड जातंय? गुडघे टेकवा, किंवा हात भक्कम पलंगाच्या काठावर ठेवून करा. सोपं झालं की बाजूचा प्लँक: एका कोपरावर, कंबर उचलून, आधी गुडघे दुमडून. पुढे तळहातांवर येऊन आळीपाळीने एकेका हाताने विरुद्ध बाजूच्या खांद्याला स्पर्श करा, पण कंबर डुलता कामा नये. हर्निया, नुकतंच बाळंतपण, पोटाची शस्त्रक्रिया किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कंबरेत कळ आली, पायाला मुंग्या आल्या, तर लगेच थांबा.

प्लँकने स्नायू बळकट होतात, पोटावरची चरबी नेमकी तिथूनच वितळत नाही. ती वितळते असं सांगून विकला जाणारा घामाचा पट्टा घेऊ नका; त्याने उतरतं ते पाण्याचं वजन, दोन ग्लास पाण्यात परत येतं.

तरीही जिम लावायची असेल, तर ओळखपत्र आणि फोटो न्या, पण सही करण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: प्रवेश फी वेगळी आहे का, लॉकरचे पैसे किती, मधे सोडलं तर परतावा किती, सुट्टीवर गेलात तर मुदत वाढते का. पर्सनल ट्रेनरचं पॅकेज पहिल्याच दिवशी नको. आधी एकच सत्र मागा आणि ठेवण तपासून घ्या. जिमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने आकारणी झाली तर पक्कं बिल मागा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

व्यायामाच्या ॲपची ‘मोफत चाचणी’ घेतलीत तर मुदत संपायच्या आधीच सबस्क्रिप्शन रद्द करा. फोनमधून नुसतं ॲप काढून टाकलं तर पैसे कापणं थांबत नाही. यूपीआयमधला ऑटोपेही तपासा.