स्वभाव आणि गुन्हा : एका सिद्धांताचे परीक्षण

अंगुलिमालाची कथा आपल्या शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. तिचा पूर्वार्ध मात्र क्वचित सांगितला जातो. अट्ठकथेनुसार तो तक्षशिलेचा गुणी शिष्य होता व त्याचे नाव अहिंसक होते. सहाध्यायांनी मत्सरापोटी गुरूचे मन कलुषित केले आणि गुरूने हजार बोटांची दक्षिणा मागितली. मग गुन्हा त्याच्या स्वभावात होता काय?

मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी १९६४ साली या प्रश्नाला दिलेले उत्तर बरेच गाजले. सदसद्विवेक हा बालपणीच्या शिक्षेतून जडलेल्या भीतीचा परिणाम होय. बहिर्मुख मुलाच्या मनात ती भीती सावकाश रुजते, म्हणून त्याचा विवेक कच्चा राहतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. भावनिक अस्थिरतेची त्यात भर पडते. निष्ठुरपणा व बेपर्वाई दर्शविणारा तिसरा गुण त्यांनी पुढे जोडला.

सिद्धांत पडताळून पाहता येतो, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. पडताळणीत बंदिजनांत तिसरा गुण व अस्थिरता बहुधा अधिक आढळली. बहिर्मुखतेबाबतचे निष्कर्ष मात्र परस्परविरोधी निघाले. खरी अडचण पुढेच आहे. समजा, रत्नागिरीच्या विशेष कारागृहातील बंद्याने अशी प्रश्नावली भरली. तिच्यात दिसणारी अस्वस्थता गुन्ह्याचे कारण मानावी की कोठडीचा परिणाम? जे पकडलेच गेले नाहीत, ते तर मोजमापात येत नाहीत. शिवाय तिसऱ्या गुणाच्या प्रश्नांतच नियमभंगाची विचारणा असल्याने, जे सिद्ध करायचे तेच आधी गृहीत धरले जाते. पुढील संशोधनात आत्मसंयमाच्या अभावाचा गुन्ह्याशी अधिक स्थिर संबंध दिसला. पण तो समूहाच्या सरासरीत दिसतो. त्यावरून एका मुलाचे भविष्य वर्तविता येत नाही.

आपल्या देशात तर प्रश्नावलीचीही गरज भासली नव्हती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच वृत्ती ठरविली. पुढे मुंबई इलाख्यातही तो लागू झाला; पारधी, कैकाडी, भामटा यांना हजेरी द्यावी लागे, आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कुटुंबेच्या कुटुंबे तारेच्या कुंपणाआड राहिली. तेथे जन्मलेल्या बालकाने कोणता गुन्हा केला होता? ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, संशय गेला नाही. अर्हत झालेला अंगुलिमालही श्रावस्तीतून रक्तबंबाळ डोक्याने व फुटक्या भिक्षापात्राने परतला होता, असे मज्झिम निकायातील सुत्त सांगते.

निवासी शाळेत हा विषय पुस्तकी राहत नाही. पेटीतून पैसे गेले की संशयाचे बोट नेमक्या कोणत्या मुलाकडे वळते, हे माजी विद्यार्थी जाणतातच. अशा प्रसंगी वसतिगृहाच्या वहीत काय घडले, कोणी प्रत्यक्ष पाहिले, त्या दिवसांत मुलाच्या घरी काय चालले होते, एवढेच नोंदवावे. ‘चोरटी वृत्ती’ असा शेरा लिहू नये. ती वही पुढच्या वर्षी नवे अधीक्षक वाचणार असतात.