दाराबाहेरच्या खुर्च्या

पालकांनो, माझ्या गाण्याच्या क्लासच्या दाराबाहेर चार खुर्च्या आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचपासून तुम्ही तिथे बसलेले असता. कुणी ऑफिसातून तसेच आलेले, कुणाच्या हातात भाजीची पिशवी, कुणाच्या मांडीवर धाकटं झोपलेलं. आत तुमचं मूल सा लावत असतं आणि बाहेर तुम्ही मोबाइल बघत असता. दिवसभराची दमणूक तुमच्या चेहऱ्यावर दिसते, त्यामुळे तक्रार करायचं माझ्या मनात कधी आलं नाही. पण सव्वीस वर्षं शिकवल्यावर एक गोष्ट तुमच्याशी बोलायची राहून गेली आहे असं वाटतं. ती आज बोलते.

मूल क्लासला घातलं की दोन-तीन महिन्यांत प्रश्न येतो, ‘बाई, अजून गाणं नाही का सुरू केलं? गणपतीत सोसायटीत म्हणायला एखादं बसवून द्या ना.’ गेल्या वर्षी एका बाबांनी जरा अवघडतच विचारलं, ‘सहा महिने झाले, सारेगमच चाललंय. हे किती दिवस चालतं?’ त्यांचा प्रश्न रास्त होता. शाळेत सहा महिन्यांत मूल पाढे म्हणून दाखवतं. गाण्यात सहा महिन्यांत जे घडतं ते बाहेरून दिसत नाही.

आपल्या गाण्यात सा एका जागी खिळलेला नसतो. ज्याच्या त्याच्या गळ्याचा सा वेगळा. तुमच्या मुलीचा पेटीवर काळी चारला असेल, तुमचा स्वतःचा काळी एकला. बाकीचे सगळे स्वर त्या सा पासून किती अंतरावर आहेत, यावरच ओळखायचे. म्हणून आधी त्या सा वर मुलाला स्थिर उभं राहता यायला हवं, आणि उभं राहायचं तर तो ऐकू यायला हवा. ते सहा महिने त्यात जातात. मूल गाताना दिसतं, पण खरं तर ते ऐकायला शिकत असतं.

माझ्याकडे मिरजेचा तानपुरा आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ही वाद्यं पिढ्यान्‌पिढ्या घडतात. त्यांचे भोपळे पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एरवी वेळ वाचावा म्हणून मी मोबाइलवरचाच तानपुरा लावते. पण महिन्यातून एकदा खरा तानपुरा गवसणीतून बाहेर काढते आणि मुलांच्या समोर जुळवते. खुंट्या पिळायच्या, मणी सरकवायचे, मग घोडीवर तारेखाली ठेवलेला दोऱ्याचा बारीक तुकडा केसभर मागेपुढे करायचा. त्या दोऱ्याला जीव म्हणतात. तो जागेवर नसतो तोवर तार नुसती टणटण वाजते. तो जागेवर बसला की त्याच तारेतून झंकार उठतो, जवारी बोलायला लागते. एरवी चुळबुळ करणारी पोरं त्या क्षणी हलत नाहीत.

मागच्या श्रावणात चौथीतली एक मुलगी भोपळ्याला कान लावून बसली होती आणि मी खर्जाची तार छेडत होते. ती म्हणाली, ‘बाई, सा ऐकू येतोय, पण त्याच्या वर आणखी कुणीतरी बारीक आवाजात गातंय.’ तो गंधार होता, म्हणजे ग. तानपुऱ्याला गंधाराची तार नसते. पंचम, दोन सा आणि खर्ज, एवढ्याच चार तारा. पण खर्ज नीट जुळला की त्यातून गंधार आपसूक ऐकू येतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मी तो फळ्यावर लिहून दिला असता तर तिनं पाठ केला असता आणि परीक्षेत उत्तर लिहून दोन गुण मिळवले असते. इथे तिला तो स्वतःच सापडला.

तिची आई त्या दिवशी लवकर येऊन दारात उभी होती. मुलीनं तिला हाताला धरून आत ओढलं. आईनं पर्स खाली ठेवली, जमिनीवर बसली, भोपळ्याला कान लावला. आधी तिला काहीच कळलं नाही. ‘थांब ना आई, घाई करू नको,’ असं मुलगीच तिला समजावत होती. मी चार-पाचदा तार छेडली असेल. मग एकदम आईनं माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. घरी जाताना दोघी जिन्यात त्याबद्दलच बोलत होत्या, मला वरपर्यंत ऐकू येत होतं. पुढच्या आठवड्यात त्या मुलीचा सा पहिल्यांदा विनासायास लागला. हे एका दिवसात झालं असं मी म्हणणार नाही. पण तिला ऐकू आलेलं आणखी कुणालातरी ऐकू आलं होतं, आणि ते माणूस तिच्या घरात राहत होतं. एवढंच मला तुम्हाला सांगायचंय.

गाणं गळ्यात यायच्या आधी कानात यावं लागतं. भीमसेन जोशी गदगला लहानाचे मोठे झाले. भजनी मंडळी दिसली, बँड दिसला की हे पोर त्यामागे चालत सुटायचं आणि दमून कुठेतरी झोपून जायचं. शेवटी वडिलांनी त्यांच्या सदऱ्यावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असं लिहून ठेवलं, म्हणजे कुणीतरी घरी आणून सोडेल, असं सांगतात. मग अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. सवाई गंधर्वांकडची कष्टाची तालीम पुष्कळ पुढची. आधी कित्येक वर्षं नुसतं ऐकणं झालं होतं. मला त्या सदऱ्याचं फार वाटतं. मुलाच्या वेडाला आवर घालता येत नाही तर निदान ते सुखरूप घरी यावं, एवढी तजवीज त्या शिक्षक बापानं केली होती.

किशोरीताई आमोणकरांच्या गुरू म्हणजे त्यांच्या आईच, मोगूबाई कुर्डीकर. मोगूबाईंची तालीम अल्लादिया खाँसाहेबांकडची. आईच्या मैफलींना किशोरीताई मागे तानपुऱ्यावर बसायच्या. तानपुऱ्यावर बसणं म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळत नाही. दोन-दोन तास तारा एका लयीत छेडत राहायच्या आणि समोर राग कसा उलगडतो ते ऐकत राहायचं. आपण ज्याला शिकणं म्हणतो त्याचा मोठा भाग तिथे होतो.

आता परीक्षांबद्दल. पूर्वी गाणं शिकायचं तर गुरूच्या घरी राहावं लागे, पडेल ते काम करावं लागे. बायकांना आणि साध्या घरातल्या मुलांना ती वाट जवळजवळ बंदच होती. कुरुंदवाडच्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि फी भरून, वर्गात बसून गाणं शिकायची सोय झाली. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा त्यांच्या शिष्यांनी उभ्या केलेल्या मंडळाच्या. या परीक्षांचे माझ्यासारखीवर उपकार आहेत, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून आठवीत क्लासला घालायचं आणि निकाल लागला की पेटीवर कापड टाकायचं, हे मी दर वर्षी बघते आणि दर वर्षी वाईट वाटतं.

माझ्या स्वतःच्या घरातही तेच झालं. माझी मुलगी मध्यमा पूर्ण पहिल्या वर्गात पास झाली. पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘आई, आता मी गाणार नाही.’ मी रागावले, समजावलं, बोलायचं सोडलं. तिनं मनात ठेवलेलं पुष्कळ दिवसांनी सांगितलं, ‘मी गायला लागले की तू फक्त चुका ऐकायचीस.’ ते खरं होतं. निषाद उतरतोय, सम चुकली, आकार बंद होतोय, हे मी दहा वर्षं न चुकता सांगितलं. पण नुसतं शेजारी बसून, डोळे मिटून तिचं गाणं ऐकलं असं एकदाही झालं नाही. तिची बाई मी झाले. तिला घरात श्रोता मिळालाच नाही. ती आज तिशीत आहे, सुखात आहे, गात नाही. हे मी कुणाला फारसं सांगत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुमच्या हातात अजून वेळ आहे.

‘आम्हाला काही कळत नाही हो त्यातलं,’ असं तुम्ही म्हणता. कळायला हवंच असं नाही. आणि तुम्हाला वाटतं तितकं काही परकं नाही. ‘स्वयंवर’ नाटक १९१६ साली आलं, त्याच्या पदांना चाली भास्करबुवा बखल्यांनी दिल्या. त्यातला यमन, बिहाग, भीमपलास तुमच्या आजी-आजोबांच्या, आई-वडिलांच्या तोंडी होता. रागाचं नाव त्यांना सांगता आलं नसेल, चाल मात्र अचूक यायची. तुमच्याही कानात ती कुठेतरी आहे.

घरी करायचं ते फार नाही. रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं, मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि एकच राग. महिनाभर तोच. भूप घ्या. सा, रे, ग, प, ध, पाचच स्वर. सुरुवातीला जुन्या तबकड्या उत्तम, तीन-साडेतीन मिनिटांत अख्खा राग उभा राहतो. हिराबाई बडोदेकर ऐका, केसरबाई केरकर ऐका. ऐकताना मुलाची परीक्षा घेऊ नका, ‘सांग बरं कुठला राग’ असं विचारू नका. महिन्यानं एखाद्या रविवारी सकाळी देशकार लावा. स्वर तेच पाच. पण भूप संध्याकाळचा, गंधारावर विसावणारा, आणि देशकार सकाळचा, वर धैवताकडे डोळे लावून बसलेला. माझ्याकडची एक सात वर्षांची मुलगी देशकार ऐकून म्हणाली होती, ‘हा भूपच आहे, पण उठून उभा राहिलाय.’ इतकं नेमकं मला तरी आजवर सांगता आलेलं नाही.

तालाचंही तसंच. तबल्यावर तीनताल चालू असेल तेव्हा मुलाबरोबर तुम्हीही बोटांवर सोळा मात्रा मोजा. पहिली सम, पाचवीला आणि तेराव्या मात्रेला टाळी, नववीला खाली. गायक कुठे कुठे भटकून नेमका समेवर येतो तेव्हा दोघांचीही मान एकदम हलली, की त्या रात्रीचं काम झालं.

मुलग्यांच्या पालकांना एक गोष्ट मुद्दाम सांगते. बारा-चौदाच्या सुमाराला त्यांचा आवाज फुटतो. काल काळी चारला लीलया गाणारा मुलगा आज तिथे पोचत नाही, आवाज मध्येच चिरकतो, वर्गात मुली हसतात. नेमक्या त्या वर्षी निम्मे मुलगे क्लास सोडतात आणि पालकही म्हणतात, जाऊ दे, आता नाही जमत त्याला. असं करू नका. पट्टी खाली घ्यायची, जोर लावायचा नाही, वरच्या सप्तकाचा हट्ट सोडायचा. ते वर्ष-दीड वर्ष पेटी वाजवू द्या, तबला शिकू द्या आणि भरपूर ऐकू द्या. नवा आवाज बसायला वेळ लागतो, पण बसतो. तोवर कानानं मिळवलेलं काही वाया जात नाही. या काळात त्याला घरातल्या माणसांची जितकी गरज असते तितकी एरवी कधी नसते.

आणि मैफलीला न्या. पुण्यात डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव असतो, कोल्हापुरात देवल क्लब आहे, पणजीला केसरबाई केरकरांच्या नावाचा समारोह होतो. तुमच्या गावातही कुणाच्या तरी दिवाणखान्यात, देवळाच्या सभामंडपात महिन्याची बैठक होत असेल, चौकशी करा. पहिल्या वेळी पुढे बसवा, म्हणजे गायकाचे हात, तबलजीची बोटं, दोघांची नजरानजर दिसते. तासाभरात मूल कंटाळलं तर उठून घरी या, वाईट वाटून घेऊ नका. विलंबित ख्याल मोठ्यांनाही पहिल्यांदा लांबलचक वाटतो. झोपलं तर मांडीवर झोपू द्या. झोपेतसुद्धा कानावर पडतं, असं माझे गुरुजी म्हणायचे, आणि माझा त्यावर विश्वास आहे.

तुमचं मूल गायक होईल का, हे मला विचारू नका. सव्वीस वर्षांत माझ्याकडून गेलेल्या मुलांपैकी व्यासपीठावर गाणारी चौघं आहेत. बाकीची बँकेत आहेत, दवाखान्यात आहेत, परदेशात आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांचे फोन येतात, ‘बाई, काल मारवा ऐकला आणि तुमची आठवण झाली.’ मला ते चौघं आणि ही सगळी सारखीच प्रिय आहेत.

येत्या मंगळवारी साडेपाचला भूप सुरू करते आहे, खरा तानपुरा काढून. बाहेरच्या चारही खुर्च्या आत आणून ठेवते, कमी पडल्या तर सतरंजी आहे. चपला दाराशी काढा आणि आत या.