डोक्यावर सूर्य, पायाखाली फरशी

चैत्र संपत आला की अक्कलकोटला यात्रेकरूंची गर्दी वाढते. स्वामी समर्थांची पुण्यतिथी चैत्र वद्य त्रयोदशीला येते. १८७८ साली त्या दिवशी एप्रिलची ३० तारीख होती. म्हणजे अनवाणी चालणारे हजारो लोक गावात येतात ते नेमके वर्षातल्या सर्वांत कडक उन्हात. देवळाच्या आवारात चपला काढल्या की काय होते ते तुम्ही पाहिले असेल. म्हातारी माणसे टाचांवर चालतात, लहान मुले सावलीच्या एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. कोणी लाकडी पाटावर उभे राहून श्वास घेतो, तर कोणी पितळी कठड्याला हात लावून चटकन मागे घेतो.

आता एक प्रश्न. फरशी, पाट आणि कठडा ही तिन्ही सकाळपासून एकाच उन्हात आहेत. मग पाट सोसवतो, फरशी भाजते आणि कठड्याला हातही लावता येत नाही, असे का?

आधी ऊन किती ते पाहू. अक्कलकोट सुमारे साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या १० तारखेच्या आसपास सूर्य या गावाच्या अगदी माथ्यावर येतो. त्या दिवशी दुपारी साधारण १२ वाजून २२ मिनिटांनी उभ्या काठीची सावली तिच्या बुडातच नाहीशी होते. (ऑगस्टच्या २-३ तारखेला असे पुन्हा घडते, पण तेव्हा बहुधा ढग असतात.) अशा वेळी दर चौरस मीटर सपाट जमिनीवर सुमारे १००० वॅट इतकी ऊर्जा पडते. एका मीटरच्या चौकटीत एक इस्त्री चालू ठेवल्यासारखेच हे! शिवाय त्या वेळी भिंत किंवा खांब यांपैकी कशाचीही सावली मिळत नाही. सावली हवी तर डोक्यावर आडवे काहीतरी पसरलेले हवे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता चटक्याकडे वळू. समजा, फरशी, पाट आणि कठडा तिन्ही ५५ अंश सेल्सिअसला आहेत आणि तुमच्या तळपायाची त्वचा ३४ अंशांना. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या की त्यांच्या सीमेवरचे तापमान दोहोंच्या मध्ये कुठेतरी ठरते. पण बरोबर मध्यावर नव्हे. ज्या वस्तूचे पारडे जड, तिच्या बाजूला ते झुकते. हे पारडे ठरते तीन गोष्टींवरून: पदार्थाची उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा. या तिन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढले की झाले. योग्य एककांत हा आकडा त्वचेसाठी साधारण १२००, दगडासाठी २०००, लाकडासाठी ४०० आणि पितळ-कांशासारख्या धातूंसाठी १३,००० च्या घरात येतो. हिशेब तुम्हीही करू शकाल. दगडासाठी २००० ला ५५ ने गुणा, १२०० ला ३४ ने गुणा, बेरीज करा आणि ३२०० ने भागा. उत्तर येते ४७ अंश. लाकडासाठी ३९, धातूसाठी ५३. त्वचेला साधारण ४३ ते ४५ अंशांपासून वेदना जाणवू लागते. म्हणजे पाट सीमेच्या अलीकडे राहतो, फरशी पलीकडे जाते आणि कठडा तर फारच पलीकडे. तापमापक तिन्ही ठिकाणी ५५ च दाखवतो! ‘जास्त तापलेली वस्तू जास्त चटका देते’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे.

शहाबादी फरशी आपल्या भागात घरोघर असते. शहाबाद गाव अक्कलकोट रोड स्टेशनच्या पुढे, त्याच लोहमार्गावर आहे. ही करडी फरशी आणि दख्खनचा काळा पाषाण दोन्ही ऊन भरपूर शोषून घेतात. बऱ्याच देवस्थानांत हल्ली वाटेवर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढतात किंवा काथ्याची चटई अंथरून तिच्यावर पाणी मारतात. पट्टा ऊन परतवतो, त्यामुळे मुळात फरशीच कमी तापते. चटईचे काम वेगळे. तिचे पारडे लाकडापेक्षाही हलके, आणि वर पाणी मारले की बाष्पीभवनाची थंडाई निराळी. दोन्ही उपाय वेगवेगळ्या कारणांनी चालतात, हे परीक्षेत लिहिताना विसरू नका.

गावोगावच्या चौकांतले पुतळेही याच उन्हात उभे असतात. सोलापुरात १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा नाही असे मोठे गाव तर आपल्याकडे शोधावे लागेल. धातूचा ओतीव पुतळा भरीव असतो असे पुष्कळांना वाटते. तो आतून पोकळ असतो, त्याचे कवच काही मिलिमीटर जाडीचेच असते. त्यामुळे तो लवकर तापतो आणि लवकर निवतो. पुतळ्याखालच्या दगडी चौथऱ्याची गोष्ट उलटी. दिवसभराची उष्णता दगडात काही सेंटिमीटर खोल शिरलेली असते आणि रात्री ती सावकाश बाहेर येते. संध्याकाळ सरल्यावर चौथऱ्यावर बसून पाहा: पुतळा गार, चौथरा मात्र ऊबदार. चार मीटर उंचीचा कांशाचा पुतळा ४० अंशांनी तापला तर सुमारे तीन मिलिमीटर उंच होतो. आत आधाराला लोखंडी सांगाडा असेल, तर तो दोन मिलिमीटरच वाढतो. हा एका मिलिमीटरचा फरक रोज, वर्षानुवर्षे चालू राहतो. जोड सैल करायला तेवढा पुरतो.

उष्णता सावकाश शिरते याचा उपयोग आपल्या वाडवडिलांनी माळवदाच्या घरांत केला. लाकडी कड्यांवर फूट-दीड फूट पांढऱ्या मातीचा थर, असे हे छप्पर. दुपारी वरून शिरलेली उष्णतेची लाट कोरड्या मातीतून एक फूट खाली यायला दहा-बारा तास घेते आणि येता येता विसाव्या हिश्शाइतकी क्षीण होते. ती पोचते तेव्हा मध्यरात्र झालेली असते! माळवद आता कमी होत चालले आहे, कारण त्याची निगा कष्टाची आहे आणि मुसळधार पावसात ते गळते. त्याची जागा पत्र्याने घेतली.

पत्र्याची सावली आणि झाडाची सावली यांत फरक काय? दोन्ही ऊन अडवतात. तरी पत्र्याखाली घामाघूम झालेला माणूस उठून निंबाखाली जातो. बहुतेक जण सांगतात, ‘झाडाखालची हवा थंड असते.’ हवेचे तापमान मोजा. फरक अगदी थोडा भरतो. खरे उत्तर प्रारणात आहे. जुना, गंजलेला पत्रा दुपारी सहज ६५ अंशांना पोचतो. त्या तापमानाला तो दर चौरस मीटरमागे सुमारे ७४० वॅट अवरक्त प्रारण खाली सोडतो. झाडाची खालची पाने हवेइतकीच, समजा ४२ अंशांना, असतील तर त्यांचे प्रारण ५६० वॅट. फरक १८० वॅटचा. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकते, हे ध्यानात घेतले म्हणजे १८० चा अर्थ कळतो.

पण पाने ६५ अंशांना का पोचत नाहीत? थोडे पाण्यामुळे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते, आणि मे महिन्यात दिवसभरात दर चौरस मीटरवर सुमारे २५० लाख ज्यूल ऊन पडते. झाडाने तेवढ्या जागेतून तीन लिटर पाणी सोडले तर पाव हिश्शाहून अधिक उष्णता तिथेच खर्ची पडली. मात्र सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला. कोरड्या वर्षी झाडे दुपारी पर्णरंध्रे मिटून घेतात आणि हा खर्च थांबतो. तरीही निंब-बाभळीची पाने फार तापत नाहीत, कारण ती चिमुकली आहेत. प्रत्येक पृष्ठभागाला स्तब्ध हवेचा एक थर चिकटलेला असतो. वस्तू लहान तितका थर पातळ आणि वाऱ्याला उष्णता देणे तितके सोपे. दहा फुटी पत्र्याला ही सोय नाही. शिवाय झाडाला पानांचे थरावर थर असतात. ऊन खातात ती वरची पाने, आणि आपल्या डोक्यावर असतात ती त्यांच्याच सावलीतली. पत्र्याला एकच थर. जो तापतो तोच आपल्याला दिसतो.

वडाचे पान मोठे आणि जाड असते. त्याची मदार खोल मुळांवर आणि दाट थरांवर. अक्कलकोटच्या वटवृक्ष मंदिराचे नाव अशाच एका वडावरून पडले आहे.

निवडुंगाची रीत सगळ्यांहून निराळी. तो पर्णरंध्रे रात्री उघडतो, म्हणून दिवसा त्याला वाफेची थंडाई मिळत नाही. दुपारी तो हवेपेक्षा बराच गरम असतो. पण फड्या निवडुंगाच्या बहुतेक फड्या उभ्या असतात. सूर्य माथ्यावर आला की ऊन फडीच्या कडेवर पडते, पसरट बाजूवर नाही. उभ्या काठीची सावली का नाहीशी झाली ते आठवा, म्हणजे हेही कळेल.

आता व्यवहाराचे. पत्र्याची शेड दोन दिवसांत उभी राहते. निंब सावली धरायला सात-आठ वर्षे घेतो आणि पहिली दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी घालावे लागते. शाळेला शेड हवी असेल तर आधी पत्रा वरून पांढरा रंगवा. गोठ्यावर लोक कडबा पसरतात तसे केले तरी चालेल, मात्र चूल आणि विजेच्या तारा दूर हव्यात. आणि त्याच आठवड्यात शेजारी रोप लावा.

येत्या १० मे रोजी आकाश निरभ्र असेल तर बारा ते साडेबारा या वेळात एक प्रयोग करा. प्रयोगशाळेतले दोन तापमापक घ्या. दोन्हींच्या फुग्यांवर काजळी धरा आणि एक पत्र्याखाली, एक निंबाखाली, जमिनीपासून सारख्या उंचीवर टांगा. काजळीमुळे फुगा प्रारण शोषतो, म्हणून हा तापमापक नुसती हवा मोजत नाही, तुमच्या अंगाला काय जाणवते त्याच्या जवळचे काही मोजतो. दर पाच मिनिटांनी नोंद घ्या. मग काजळी पुसून फुग्यांभोवती चकचकीत कागदाची सैल नळी बसवा आणि पुन्हा मोजा. दोन ठिकाणांतला फरक पहिल्या खेपेस किती आला आणि दुसऱ्या खेपेस किती उरला, ते वहीत शेजारी शेजारी लिहा.